बाळकुमच्या खाटा आणि पाच हजार कोटींचं अंदाजपत्रक

उथळसरकर (धागाकर्ता)

मंडळी, मार्च २०२४ आला. मालमत्ता कराचं स्मरणपत्र मोबाइलवर रोज येतंय. काल थकबाकीदारांना दम भरणारी रिक्षा भोंगा वाजवत आमच्या गल्लीतून गेली. आणि ठाणे महापालिकेचं २०२४-२५ चं अंदाजपत्रक आलं, ५,०२५ कोटींचं. बातमी वाचून बायको म्हणाली, "एवढे पैसे आहेत तर मग मागच्या पावसाळ्यात आईंना खाट का नाही मिळाली?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून हा धागा.

झालं असं की आईला रात्री अकराला दम लागला. खासगीत विचारलं तर आधी अनामत रक्कम. तेव्हा एका सरकारी रुग्णालयात नेलं (नाव घेत नाही, विषय एका रुग्णालयाचा नाहीच). तिथे एका खाटेवर दोघी आणि तिसरीला स्ट्रेचर. आई स्ट्रेचरवर. अख्ख्या वॉर्डात एक सिस्टर. ती बिचारी पळत होती, तिच्यावर माझा राग नाही. पहाटे चारला स्ट्रेचरची चाकं घसरू नयेत म्हणून मी पायाने अडवून उभा होतो, आणि डोक्यात एकच चक्र. याच शहराने २०२० च्या जूनमध्ये बाळकुमला १,०२४ खाटांचं कोविड रुग्णालय काही आठवड्यांत उभं केलं होतं! दुसऱ्या लाटेत माझा मामेभाऊ तिथे होता. मी बाहेर रस्त्यावर उभा राहून त्याच्याशी फोनवर बोलायचो. त्याशिवाय पार्किंग प्लाझात कोविड केंद्र होतं, व्होल्टासच्या जागेत होतं, कळवा-मुंब्र्याला वेगळी सोय होती. माणसंही उभी केली होती, ऑक्सिजनही आणला होता. मग ते सगळं गेलं कुठे?

अंदाजपत्रकांचे आकडे एका ओळीत लावून बघितले. २०२०-२१ चं ३,७८० कोटी. कोविडचा फटका बसल्यावर २०२१-२२ चं थेट २,७५५ कोटी. मग ३,२९९, मग ४,३७०, आणि आता ५,०२५. म्हणजे तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट. कागदावर शहर आजारातून नुसतं उठलंच नाही, धावायला लागलंय. दुसरीकडे मार्च २०२२ पासून पालिकेत एकही नगरसेवक नाही. प्रशासकच अंदाजपत्रक मांडतात आणि प्रशासकच मंजूर करतात. कोणाला विचारायचं?

राजकारण नको. म्हणजे थोडं चालेल. पण कोणाला हिशेब कळत असेल तर समजावून सांगा.

---

खोडसाळ

चहा आणि कांदाभजी घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

---

कोपरीकाका

उथळसरकर, आई आता बऱ्या आहेत ना? ते आधी सांगा.

उत्तर सोपं आहे हो. पैसे भिंतीवर आहेत. पुलाखाली बघा, खांबावर बघा, नाक्यानाक्यावरच्या कारंज्यात बघा. मी ठाण्यात जन्मलो, ६८ वर्षं झाली. मासुंदा तलावाच्या पाळीवर शेंगदाणे खात लहानाचा मोठा झालो. इतकं रंगीत ठाणं कधी पाहिलं नव्हतं. झाडांना दिवे गुंडाळलेत, पाखरं कुठे झोपत असतील देव जाणे.

---

घोडबंदरी

काका, रंगाचं मान्य. पण रस्त्यांना नावं ठेवू नका. राज्य सरकारने ६०५ कोटी दिले ते रस्त्यांसाठीच. त्यातून २८२ रस्ते व्हायचे होते. आमच्याकडे कासारवडवलीहून माजिवड्याला यायला पावसाळ्यात दीड तास लागायचा. अँब्युलन्सही त्याच खड्ड्यांतून जाते. माझ्या शेजाऱ्यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा मानपाड्यालाच वीस मिनिटं गेली. रस्ता हीसुद्धा आरोग्यसेवाच आहे, असं माझं मत.

---

उथळसरकर

काका, आई ठीक आहे. विचारल्याबद्दल धन्यवाद.

घोडबंदरी, तुमचा मुद्दा पटतो. पण रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला खाट असायला हवी ना?

---

हिशेबनीस

मी एका नगरपालिकेच्या लेखा विभागात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. ठाण्यात नव्हतो, पण खातेवहीचा आत्मा सगळीकडे एकच. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

महापालिकेकडे दोन खिसे असतात. एक महसुली, एक भांडवली. महसुली खिशातून पगार, वीज, औषधं, झाडू, डिझेल. भांडवली खिशातून इमारती, रस्ते, पूल, तलाव. वर्तमानपत्रात ५,०२५ हा एकच आकडा छापून येतो, म्हणून तुम्हाला वाटतं हा सगळा पैसा एकाच डब्यात आहे आणि कोणीतरी ठरवलं असतं तर खाटेला मिळाला असता. तसं होत नाही.

बाहेरून येणारा बहुतेक पैसा भांडवली कामाला बांधलेला असतो. राज्याने रस्त्याला दिला तर तो रस्त्यालाच. केंद्राने २०२०-२१ साली, कोविडमध्येच, राज्यांना ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज द्यायची योजना काढली. सुरुवात १२,००० कोटींची, २०२२-२३ पर्यंत ती १ लाख कोटींवर गेली. उद्देश चांगला, कामं निघावीत, लोकांच्या हाताला काम मिळावं. पण अट एकच, भांडवली खर्च. म्हणजे त्या पैशातून रुग्णालयाची इमारत बांधता येते, तिथल्या सिस्टरचा पगार देता येत नाही. उथळसरकर, तुमच्या आईच्या वॉर्डात कमतरता कशाची होती? सिस्टरची. आणि सिस्टर महसुली खिशातून येते.

महसुली खिसा कशावर चालतो? मालमत्ता कर, पाणीपट्टी, बिल्डरांकडून येणारी शहर विकास विभागाची वसुली, मुद्रांक शुल्कावरचा एक टक्का अधिभार, आणि सगळ्यात मोठा टेकू म्हणजे जीएसटीची भरपाई. जकात गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तो २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांना माफ झाला आणि जुलै २०१७ पासून जीएसटी. तेव्हा राज्याने कायदा केला की २०१६-१७ हे वर्ष पाया धरून दर वर्षी ८ टक्के वाढीने महापालिकांना भरपाई देऊ. ती दरमहा येते.

आता गंमत बघा. टाळेबंदीत जकात असती तर नाक्यावर एक ट्रक आला नसता आणि तिजोरी कोरडी पडली असती. जीएसटीची भरपाई सूत्राने ठरलेली, म्हणून पगार झाले. त्याच सूत्राची दुसरी बाजू अशी की शहर कितीही वाढलं, घोडबंदरला कितीही टॉवर उभे राहिले, तरी ही रक्कम आठ टक्क्यांनीच वाढणार. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची वस्ती १८ लाख ४१ हजार होती. आज किती आहे ते बाल्कनीत उभं राहून अंदाज करा.

---

खोडसाळ

काका, पाया पडतो. माझ्या सीएने मला दहा वर्षांत एवढं समजावलं नाही.

---

रात्रपाळी

नमस्कार. इथे बरीच वर्षं फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय.

मी ती सिस्टर होते. उथळसरकरांच्या आईच्या वॉर्डातली नव्हे, कोविडच्या एका केंद्रातली. जीएनएम (नर्सिंगची पदविका) झाले आणि पहिली नोकरी तीच लागली, एका एजन्सीमार्फत. सहा महिन्यांचं कंत्राट, मग वाढवून तीन महिने, मग पुन्हा तीन. पहिल्या दिवशी पीपीई किट घालायला शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी रात्रपाळी. बारा तास पाणी प्यायचं नाही, कारण किट काढता येत नाही. चष्म्यावर वाफ धरायची, शीर सापडायची नाही, बोटाने चाचपून सुई लावायचे. चौदाव्या दिवशी एका आजोबांचा हात धरून बसले होते. त्यांचा मुलगा व्हिडिओ कॉलवर होता आणि मी फोन धरला होता. तो फोन माझा होता.

रुग्ण कमी झाले तसं आम्हाला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. वाईट वाटलं ते त्याचं नाही. केंद्र कायमचं नाही हे आम्हालाही माहीत होतं. वाईट वाटलं ते याचं की तेव्हा शंभर-दीडशे जणी आयत्या तयार झालेल्या होत्या. व्हेंटिलेटर कसा लावायचा हे पुस्तकातून नव्हे, रोज करून शिकलेल्या. कोणी आमची यादी ठेवली असेल का? मी आता मुलुंडला खासगीत आहे. बाकीच्यांपैकी दोघी केरळला परत गेल्या, एक आखातात, एक विम्याच्या कंपनीत फोनवर बसते.

हिशेबनीस काका, तुम्ही म्हणता महसुली खिसा. मला एवढंच विचारायचंय, कोविडमध्ये तो खिसा कसा उघडला?

---

हिशेबनीस

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. उत्तर देतो.

कोविडमध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ आणि १८९७ चा साथरोग कायदा लागू होता. आयुक्तांना एरवी नसतात एवढे अधिकार. निविदा, स्थायी समिती, महासभा या पायऱ्या ओलांडून खर्च करता येत होता. विकासकामं थांबवून पैसा वळवला. राज्यानेही ४ मे २०२० ला आदेश काढून विकासाचा खर्च ३३ टक्क्यांवर आणला आणि नवी कामं व नवी भरती बंद केली, आरोग्यासारखे विभाग सोडून. आणि तुम्हाला घेतलं ते कंत्राटावर, एजन्सीकडून. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. कायम माणूस घेतला तर तो आस्थापना खर्चात (पगार-भत्त्यांच्या खर्चात) येतो, आणि आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांवर गेला की राज्य भरतीला परवानगी देत नाही. कंत्राटी माणूस त्या रकान्यात दिसत नाही, "सेवा" म्हणून दुसऱ्या रकान्यात जातो. मी स्वतः असे रकाने भरलेत. अभिमानाने सांगत नाही.

म्हणून पालिकेला इमारत परवडते, माणूस परवडत नाही. हा ठाण्याचा एकट्याचा रोग नाही.

---

नेरुळचा_नाना

ठाणेकरांनो, एकदा खाडी ओलांडून नवी मुंबईत या. आमचं अंदाजपत्रक तुमच्याच आसपासचं, यंदा ४,९५० कोटी. लोकसंख्या तुमच्यापेक्षा कमी. मालमत्ता कराचे दर वर्षानुवर्षं वाढवले नाहीत. मोरबे धरण आमच्या मालकीचं, ४५० दशलक्ष लिटर रोजचं. तुम्ही पाणी चार ठिकाणांहून घेता, स्वतःची योजना, स्टेम (पाणीपुरवठा कंपनी), एमआयडीसी आणि मुंबई पालिका. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात आम्ही देशात तिसरे, आमच्या वर फक्त इंदूर आणि सुरत. ;)

---

कोपरीकाका

नाना, शहर सिडकोने आयत्या ताटात वाढून दिलं तुम्हाला. रस्ते आखलेले, नाले बांधलेले, भूखंड राखलेले. आम्ही राबोडीच्या गल्लीत गटार टाकायचं तर आधी भिंत कोणाची ते कोर्टात ठरवावं लागतं.

आणि निवडणूक तुमच्याकडेही नाही झाली. तुमची मुदत मे २०२० मध्येच संपली, आमच्या दोन वर्षं आधी. मिरवताय कशाला?

---

नेरुळचा_नाना

काका, ते खरं. नगरसेवक नसल्याचा फरक जाणवतो. पूर्वी आमच्या सेक्टरातल्या दवाखान्यात डॉक्टर आला नाही तर नगरसेवकाच्या घरी जाऊन बसायचो, सकाळचा चहा तिथेच. तो रागाने का होईना फोन लावायचा. आता ऑनलाइन तक्रार टाकतो आणि "तक्रार निकाली काढण्यात आली" असा संदेश येतो. निकाली काढली म्हणजे डॉक्टर आला असं नाही.

बाकी वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात आमच्याकडेही १,२०० खाटांचं कोविड केंद्र होतं. तिथेही आता प्रदर्शनंच. पण वाशी, नेरुळ, ऐरोली इथे पालिकेची कायमची रुग्णालयं आहेत. तिथेही सिस्टर कमीच आहेत, हे कबूल करतो.

---

दिवावाली

नवी मुंबई, जुनं ठाणं, घोडबंदर, सगळ्यांचं झालं. ठाणे पालिकेतलंच आमचं दिवा कोणाच्या यादीत आहे का?

आमच्याकडे वर्षानुवर्षं अख्ख्या ठाण्याचा कचरा यायचा. २०२३ च्या सुरुवातीला डम्पिंग बंद झालं, त्याचे आभार. कोविडमध्ये दिव्यातून बाळकुमला जायचं म्हणजे काय, सांगू? लोकल बंद. रिक्षावाला कोविड म्हटल्यावर पळून जायचा. माझ्या जावेला शीळ फाट्याने फिरवून नेलं, सव्वा तास. ती वाचली. समोरच्या चाळीतले वाचले नाहीत.

तुम्ही खाटा गेल्या म्हणून रडताय. आमच्याकडे त्या आल्याच नव्हत्या. आम्हाला हजार खाटांचं रुग्णालय नको. स्टेशनच्या पूर्वेला आणि पश्चिमेला एकेक दवाखाना द्या, संध्याकाळी सहा ते दहा उघडा. कारण बाई संध्याकाळी सातला कामावरून उतरते, तेव्हाच तिला स्वतःचं दुखणं आठवतं. सकाळी दहा ते दोनच्या दवाखान्याचा दिव्याला काही उपयोग नाही.

---

रात्रपाळी

दिवावाली, तुमच्या वेळेच्या मुद्द्याला हजार वेळा हो.

---

घोडबंदरी

हे मात्र खरंच डोक्यात आलं नव्हतं. खाटेआधी दवाखाना, आणि दवाखान्याआधी त्याची वेळ.

---

वागळेचा_वाघ

सगळे तज्ज्ञ इथे! पाचशे चौरस फुटांच्या घरांना करमाफी दिली ती का नाही सांगत कोणी? २०१७ चं वचन, २०२२ मध्ये ठराव करून पाळलं. किसन नगरमधल्या माणसाला दिलासा मिळाला की नाही? कोविडमध्ये आमच्या गल्लीत अर्ध्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. तुम्हाला लोकांना मिळालेलं बघवत नाही, एवढंच.

---

हिशेबनीस

वाघसाहेब, दिलासा मिळाला, नाकारत नाही. माझ्या धाकट्या भावालाही मिळाला. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. माफी मालमत्ता कराच्या बिलातल्या सामान्य करापुरती आहे, बाकीचे कर त्यात आहेतच. आणि दुसरी थोडी किचकट आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी स्थानिक संस्थांना देशभरात ४ लाख ३६ हजार कोटी ठरवले. त्यातले ७०,०५१ कोटी निव्वळ आरोग्यासाठी. कोविडमुळेच हे घडलं. प्राथमिक आरोग्याचा पैसा स्थानिक संस्थांमार्फत द्यायचा, त्यात शहरातली छोटी आरोग्य केंद्रंही आली, हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा. दिवावालींचा संध्याकाळचा दवाखाना याच पैशात बसतो! पण शहरी संस्थांच्या अनुदानाला आयोगाने अटी घातल्या. लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन ठेवा, ही एक. मालमत्ता कराचे किमान दर राज्याने अधिसूचित करावेत आणि वसुली राज्याच्या सकल उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढावी, ही दुसरी. म्हणजे एका हाताने कर माफ करायचा आणि दुसऱ्या हाताने ज्या अनुदानासाठी कराची वसुली वाढवायची आहे ते मागायचं. दोन्ही गोष्टी होऊ शकतात, पण मग माफीची भरपाई कुठून करणार हे ठरावाच्या शेजारी लिहायला हवं. ते लिहिलेलं मला कुठल्याच पालिकेत सापडत नाही.

---

वागळेचा_वाघ

समजावून सांगितलंत म्हणून ठीक. नाहीतर इथे येणारा प्रत्येक जण टोमणाच मारतो.

---

व्यवस्थापन

वागळेचा_वाघ यांच्या प्रतिसादावर आलेले तीन उपप्रतिसाद काढले आहेत. पक्षांची नावं न घेताही चर्चा छान चालू आहे, ती तशीच राहू द्या.

---

खोडसाळ

तीनही माझे होते. माफ करा.

अवांतर: हिशेबनीस काका, बिल्डरांचं काय? कोविडमध्ये त्यांना सवलती दिल्या त्या कोणाच्या खिशातून?

---

हिशेबनीस

अवांतर नाही, अगदी मधोमध आहे.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात राज्याने मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणलं, मग मार्च २०२१ पर्यंत तीन. जानेवारी २०२१ मध्ये बांधकामाच्या अधिमूल्यात (प्रीमियममध्ये) वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सूट. अट अशी की ही सूट घेणाऱ्या बिल्डरने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरावं. फ्लॅट विकले गेले, नोंदणी कार्यालयासमोर रांगा लागल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यातून शहर विकास विभागाकडे पैसा आला आणि ठाण्यासारख्या पालिकेला श्वास घेता आला.

पण या पैशाचा स्वभाव ओळखा. बिल्डर एका इमारतीसाठी एकदाच पैसे भरतो. ती इमारत पाणी, कचरा, दवाखाना मागते पुढची पन्नास वर्षं. एकदाच येणाऱ्या पैशावर दरमहाचा पगार बांधता येत नाही. लग्नातल्या आहेरावर घर चालवण्यासारखं आहे ते.

---

उथळसरकर

आता उलगडायला लागलंय. म्हणजे शहर फुगतं त्याचा पैसा एकदाच येतो आणि आजारी माणूस मात्र रोज येतो.

एक आठवण करून देतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. राज्याने चौकशी समिती नेमली. कारणांवर मी बोलणार नाही, ते माझं काम नाही. पण एवढं सगळ्यांना दिसत होतं की रुग्णालय ५०० खाटांचं, आणि जिल्हा रुग्णालय (सिव्हिल) नव्या बांधकामासाठी हलवलेलं असल्यामुळे तिकडचा भारही कळव्यावर पडला होता. नवी इमारत ९०० खाटांची होणार आहे, चांगलंच आहे. मग मधली वर्षं माणसांनी आजारी पडायचं नाही का? बाळकुमची व्यवस्था निदान सिव्हिल पुन्हा उभं राहीपर्यंत टिकवली असती तर?

---

रात्रपाळी

नुसत्या खाटा टिकवून काही झालं नसतं, दादा. एक हजार खाटा चालवायला तीन पाळ्यांत किती माणसं लागतात ते बघा. आयसीयूमध्ये एका रुग्णामागे एक सिस्टर हवी, साध्या वॉर्डात फार तर पाच-सहा रुग्णांमागे एक. मग रजा, आजारपण, बाळंतपण धरा. त्यात वॉर्डबॉय, सफाईवाल्या मावशी, रक्त तपासणारे, ऑक्सिजनचा दाब बघणारा माणूस. या दाब बघणाऱ्या माणसाला कोणी मोजत नाही. तो नसला तर सगळे व्हेंटिलेटर म्हणजे लोखंडाचे डबे.

---

कोपरीकाका

सिव्हिल हे राज्याचं आणि कळवा पालिकेचं, हेही लक्षात घ्या. आजाऱ्याला ते ठाऊक नसतं. त्याला दोन्हीकडे "तिकडे जा" एवढंच ऐकू येतं.

माझं रंगावरचं मत मात्र मी बदलणार नाही. १९४९ च्या महापालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये आवश्यक कर्तव्यं आहेत आणि ६६ मध्ये ऐच्छिक. सार्वजनिक रुग्णालयं आणि दवाखाने ६३ मध्ये येतात. खांबाला इंद्रधनुष्य लावणं ६३ मध्ये असेल तर मला दाखवा.

---

घोडबंदरी

काका, तुम्ही कायदा वाचून आलात! आता तुमच्याशी वाद घालायला भीती वाटते.

एक चांगलं सांगू का? टीएमटीत, म्हणजे पालिकेच्या बससेवेत, विजेच्या बसेस आल्या. हवा सुधारण्यासाठी वित्त आयोगाने मोठ्या शहरांना वेगळा निधी ठेवला होता, त्याचा उपयोग झाला. मी रोज एसी बसने स्टेशनला जातो. सगळंच वाया गेलं असं नाही.

---

दिवावाली

तुमच्याकडे एसी बस. आमच्याकडे शेअर रिक्षा, मागे चौघं.

---

उथळसरकर

पटलं, ताई.

हिशेबनीस, शेवटचं विचारतो. माझ्यासारख्या माणसाने यात नेमकं काय करायचं? निवडणूक कधी होईल ते होईल. अंदाजपत्रकाचं पुस्तक पालिकेच्या संकेतस्थळावर आहे, काल उतरवून घेतलं. शेकडो पानं. तिसऱ्या पानावर झोप लागली.

---

हिशेबनीस

पुस्तक पुढून वाचू नका. पुढे आयुक्तांचं निवेदन असतं, त्यात सगळं छान असतं.

मागे जा, खर्चाच्या बाजूला. आरोग्य आणि रुग्णालय ही लेखाशीर्षं काढा. प्रत्येक ओळीसमोर तीन रकाने दिसतील. मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाची तरतूद. तरतुदीवर बोट ठेवू नका, तो संकल्प असतो. पहिल्या रकान्यावर ठेवा. तीन वर्षांची पुस्तकं शेजारी लावली की कळतं कुठली ओळ दर वर्षी मोठी लिहिली जाते आणि दर वर्षी अर्धी खर्च होते. तिथे माणूस नाही असं समजा, कारण माणूस असता तर पगार तरी खर्च झाला असता.

मग माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दोनच प्रश्न विचारा. आरोग्य विभागातली मंजूर पदं किती, भरलेली किती, संवर्गनिहाय. आणि वित्त आयोगाच्या आरोग्य अनुदानातून गेल्या तीन वर्षांत कुठल्या प्रभागात काय सुरू झालं, त्याची वेळ काय. पाच प्रश्न विचारलेत की "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे" असं उत्तर येतं. मी स्वतः तसं उत्तर लिहून दिलंय लोकांना, म्हणून सांगतो.

---

रात्रपाळी

तिसरा प्रश्न माझ्यासाठी घाला ना. कोविड काळात काम केलेल्या परिचारिकांची नावनिशीवार यादी पालिकेकडे जतन केली आहे का, एवढाच. हो किंवा नाही.

---

हिशेबनीस

तो वेगळ्या अर्जात, तुमच्याच नावाने टाका. दहा रुपये मी देतो.

---

दिवावाली

दुसऱ्या प्रश्नात "वेळ" हा शब्द राहू द्या. कोणी काढायला सांगितला तरी काढू नका.

---

उथळसरकर

राहील. मार्चअखेरची गर्दी उतरली की पहिल्या आठवड्यात जाऊन अर्ज टाकतो. पावती इथेच चिकटवीन. तीस दिवस मोजायला लागा.

---

खोडसाळ

भजी संपली. वाखूसा (वाचनखूण साठवली).